स्टेअरिंग नसलेली बाजू

सगुणा एका शब्दानंही खोटं बोलली नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वेसाव्यात नंतर जी बोंबाबोंब झाली, त्यात जो तो म्हणत होता की सगुणानं सगळ्या कोळीवाड्याला शेंडी लावली. कसली शेंडी? बाई नुसती बसली होती. ती जिथं बसली तिथं इतरांच्या गाड्यांत स्टेअरिंग असतं आणि त्या गाडीत नव्हतं, यात तिचा काय दोष?

सगुणा म्हणजे चार बंगला बाजारात कोपऱ्यावर बसणारी सगुणा. तिच्या पाटीतल्या पापलेटाचा कल्ला उचलून बघायची गिऱ्हाइकाची हिंमत होत नाही, कारण बघितलाच तर ती विचारते, "डॉक्टर हाय काय तुम्ही?" नवरा हिराजी असताना घरचा टेम्पो होता. पहाटे धक्क्यावरून मासळी आणायला दोघं जायची. तो चालवायचा, ही शेजारी बसून त्याच्या हातापायांकडं बघायची. गिअर कधी पडणार ते तिला इंजिनाच्या आवाजावरूनच कळायचं. हिराजी गेला आणि दिवसकार्य उरकल्यावर तिनं धाकट्या दिराला, चंदूला, म्हटलं, "भावजी, मना टेम्पो शिकवा. मी चालवीन."

चंदू हसला. चारचौघांत, पाहुणे बसलेले असताना हसला. "वयनी, तुना पाटी शोभते. स्टेअरिंग नाय." एवढं बोलून त्यानं खुंटीवरची चावी काढून खिशात घातली. तेव्हा सगुणाच्या अंगात बोलायचं बळ नव्हतं. पण ते वाक्य पाला माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात अडकलं ते अडकलंच. पाला ज्यांनी खाल्लाय त्यांना कळेल, तो काटा भाताच्या गोळ्यानंसुद्धा जात नाही.

तेव्हापासून बाजारातल्या झाडून सगळ्या बायकांची मासळी चंदूच्या टेम्पोतून यायला लागली. चंदू राजा झाला. आत वळायला जागा नाही म्हणून तो पाट्या मेन रोडलाच उतरवायचा, बायका त्या डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालायच्या. कुणाला उशीर झाला तर तिची मासळी धक्क्यावर सोडून यायचा. वळायला जागा भरपूर होती, हे सगुणाला माहीत होतं. हिराजी तिथंच वळायचा.

आता गाडीकडं येऊ.

सगुणाचा मुलगा कृणाल दुबईत टगबोटीवर होता. जुनं काम संपून नवं सुरू व्हायला काही महिने होते, तेवढ्यात त्यानं काय करावं? आपली तिकडची गाडी बोटीत घालून इकडं आणली. कशाला, तर हौस. कोळ्याच्या हौसेपुढं कुणी शहाणपण सांगू नये. दिवाळीनंतर एका दुपारी ती पांढरीशुभ्र, म्हशीएवढी गाडी खाडीच्या बाजूनं कोळीवाड्यात शिरली. नंबरप्लेटवर अरबी आकडे, मागं यूएई लिहिलेला गोल स्टिकर. जाळी विणणारे म्हातारे उठून उभे राहिले.

सगुणानं आरती करून नारळ फोडला. बॉनेटला कुंकू लावलं, आता स्टेअरिंगला लावू म्हणून उजवीकडचा दरवाजा उघडला आणि ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"कृणाल, स्टेअरिंग कुठं गेलं रं? रस्त्यात काढून घेतलं काय कुणी?"

"आये, तिकडं डाव्या बाजूला असतं. तिकडं लोक रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवतात."

सगुणानं वळसा घालून डावीकडं कुंकू लावलं. पण उजवीकडचा दरवाजा उघडाच होता, सीट मऊ होती, आणि आरतीत उभं राहून पाय दुखले होते. ती बसली. हात खिडकीवर ठेवला. तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विम्याचा एजंट मिथुन घरी आला. दुबईचा विमा दुबईतच राहतो, समुद्र ओलांडून येत नाही, म्हणून इथं फिरवायची तर इथल्या कंपनीचा विमा हवाच. मिथुननं चहा पिता पिता सगळं समजावलं. गाडीला कार्ने नावाचा कागद होता, म्हणजे गाडीचा पासपोर्टच समजा. गाडी पाहुणी म्हणून आली, सहा महिन्यांच्या आत परत गेली पाहिजे. इथं विकायची नाही, कुणाला वापरायला द्यायची नाही, भाड्याची माणसं आणि विक्रीचा माल न्यायचा नाही.

"म्हणजे म्हावऱ्याची पाटी नाय चालत?" सगुणानं विचारलं.

"नाही चालत मावशी. आणि कृणालशिवाय दुसऱ्या कुणी चालवली आणि काही झालं, तर कंपनी हात वर करणार. वर कस्टमवाले गाडी उचलून नेतील ते वेगळंच."

"आणि आपलीच गाडी कुठं ठोकली तर?"

"हा थर्ड पार्टी आहे. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी देते. तुमच्या गाडीचं तुम्ही बघायचं."

"आपलं फुटलं तर आपण रडायचं, दुसऱ्याचं फुटलं तर कंपनी रडंल. बरोबर हाय," सगुणा म्हणाली. "कृणाल, म्हणजे मनापण नाय देता येणार तुना? गल्लीतल्या गल्लीत?"

"नाय गो आये. माझी नोकरी तिकडं, गाडीची हमी माझ्या नावावर. लफडं झालं तर माझी वाट लागेल."

सगुणानं मान डोलावली आणि परत कधी मागितलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

झालं असं की चौथ्यापाचव्या दिवशी कृणाल आईला घेऊन जुहूला निघाला. सगुणानं त्याचा काळा गॉगल डोळ्यांवर चढवला होता, वेणीत अबोली होती आणि कोपर खिडकीबाहेर. रस्त्याच्या पलीकडं टपरीवर चंदू चहा पीत उभा. पलीकडून बघणाऱ्याला गाडीची उजवी बाजू दिसते, आणि उजव्या बाजूला पुढं कोण? सगुणा. डावीकडं कोणी बसलंय की नाही, ते कोण बघतं? चंदूचा ग्लास हवेतच राहिला. सगुणानं त्याच्याकडं बघून दोन बोटं हलवली, जशी रिक्षावाले ओळखीच्या माणसाला हलवतात, आणि गाडी निघून गेली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सगुणा गाडी चालवते. तीही दुबईची.

सकाळी बाजारात शेजारच्या पाटीवरच्या मालननं विचारलं, "गो सगुणा, एवढी मोठी गाडी, भीती नाय वाटत तुना?"

आता इथं सगुणाला सांगता आलं असतं. तिनं कोलबी निवडता निवडता एक क्षण विचार केला. मालनच्या मागं चंदू बर्फ पोचवायच्या मिषानं कान टवकारून उभा होता. सगुणा म्हणाली, "भीती कसली? समोर बघून बसायचं." यात खोटं काय आहे, सांगा. नंतर कुणी विचारलं, ट्रॅफिक लागला काय, तर म्हणायची, लागला की. कुणी विचारलं, कुठवर गेली होतीस, तर म्हणायची, बोरिवलीपर्यंत. प्रत्येक शब्द खरा. चंदूचं तोंड मात्र रोज थोडं थोडं लहान होत होतं, आणि सगुणाला त्या महिन्यात भूक चांगली लागायची.

एकदा तर पोलिसानंच पकडलं. नाक्यावर नवीन हवालदार आला होता, अंबादास नावाचा, परभणीकडचा पोरगा. विचित्र नंबरप्लेट बघून त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सवयीनं उजव्या खिडकीशी आला.

"लायसन्स."

"नाय," सगुणा म्हणाली.

"घरी राहिलं?"

"नाय हो, काढलंच नाय कधी."

अंबादासचे डोळे मोठे झाले. "लायसन्स काढलं नाही आणि सरळ सांगता? गाडी कशी चालवता मग?"

"मी कुठं चालवतंय?"

"मग काय आपोआप चालते?"

"वाकून बघा की साहेब."

अंबादास वाकला. सगुणाच्या मांडीवर खारवलेल्या बोंबलांचा डबा होता, पायाशी चपला होत्या, पण स्टेअरिंग नव्हतं. पलीकडून कृणालनं लाजत सलाम केला. मागं थांबलेला रिक्षावाला इतका हसला की त्याचा सिग्नल गेला. अंबादासनं वळसा घातला, लायसन्स, विमा, पीयूसी, कार्ने सगळं बघितलं. सगळं चोख होतं. जाताना तो उजव्या खिडकीशी परत आला. "मावशी, आधी सांगायचं ना."

"तुम्ही लायसन्स विचारलं, मी लायसन्सचं सांगितलं."

"तुमचा चेहरा मी आता विसरणार नाही," तो म्हणाला. रागानं नाही, पण मनापासून.

इथवर सगळी गंमत होती. मग महिला मंडळाचा टेम्पो आला. म्हणजे अजून आला नव्हता, एका योजनेतून मंजूर झाला होता. बायकांची मासळी बायकांच्या टेम्पोतून, चंदूची मिजास नको. पण चालवणार कोण? मालन मीटिंगमध्ये उठून म्हणाली, "पुरुष ठेवला की दोन महिन्यांत त्याचा चंदू होतो. आपल्यातलीच हवी. सगुणा हाय ना. दुबईची गाडी चालवते, टेम्पो काय चीज हाय?" सगळ्या बायकांनी हात वर केले. सगुणाला कुणी विचारलंच नाही. तिची मात्र पाचावर धारण बसली.

घरी येऊन ती बराच वेळ मोरीपाशी नुसती बसून राहिली. नाही म्हणावं तर हसं होणार आणि बायका पुन्हा चंदूच्या दारात जाणार. हो म्हणावं तर येतंय काय आपल्याला? आणि खरं सांगायचं तर तिला हो म्हणायचं होतं. हिराजी गेल्यापासून तिला दुसरं काहीच इतकं हवं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार उठल्यावर ती लोखंडवालाच्या मागच्या रस्त्यावरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गेली. शिकवणारी चेतना चारकोपहून यायची, तोंडानं फटकळ, हातानं सावध. लर्निंग लायसन्स निघालं आणि रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. कोळीवाड्यातलं कुणी बघू नये म्हणून सगुणा कॉलेजच्या पोरींसारखा तोंडाला स्कार्फ बांधायची. म्हणजे बघा, चालवत नव्हती तेव्हा खिडकी उघडी टाकून गावभर मिरवत होती, आणि खरंच चालवायला लागली तेव्हा तोंड लपवत होती.

"मावशी, पायाकडं बघू नका. पाय कुठं पळून जात नाहीत," चेतना म्हणायची. क्लच सोडताना गाडी उडी मारायची, चेतना तिच्या बाजूचा ब्रेक दाबायची, मागचे हॉर्न मारायचे. पण गिअर? गिअर सगुणा इंजिनाच्या आवाजावरच टाकायची. पहिल्यांदा तिनं बरोबर वेळेला तिसरा टाकला तेव्हा चेतना गप्प बसली. सगुणाचे डोळे भरून आले आणि स्कार्फ होता म्हणून बरं झालं.

आता चंदू. त्याची मुलगी नमिता, तिचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी चंदू सगुणाच्या दारात आला. बँडच्या पुढं पांढरी गाडी हवी होती, आणि ती त्याला स्वतःला चालवायची होती. सगुणा म्हणाली, "नमिताला नेईल की कृणाल, हजारदा नेईल. पण चालवणार तोच. दुसऱ्यानं चालवली तर विमा नाय, आणि गाडी सरकारजमा."

चंदूनं डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाला, "दुसऱ्यानं म्हणजे? मग तू कशी चालवतेस वयनी?"

सगुणाच्या हातातला डाव भातातच राहिला.

"नाय, मी या डोळ्यांनी बघितलंय. अख्ख्या गावानं बघितलंय. कायदा मना हाय आणि तुना नाय? कस्टमवाल्यांना विचारू काय?" आणि तो निघून गेला. त्याला उत्तर नकोच होतं.

हळद झाली, लग्न झालं, गाडी कृणालनंच चालवली. पण चंदूनं मंडळाच्या पुढच्या मीटिंगची वाट बघितली. देवळामागच्या हॉलात सगळ्या बायका जमल्या, टेम्पोच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या, आणि हा दारात येऊन उभा राहिला. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "सगुणा वयनी ती गाडी चालवते की नाय, एवढंच सांगा. चालवत असंल तर कृणालचा गुन्हा हाय, गाडी जप्त होईल, पोराची नोकरी जाईल. नसंल चालवत, तर तुम्ही टेम्पो कुणाच्या हातात देताय?"

चंदू इतका हुशार आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. सगुणानं खाली बघितलं. हो म्हटलं तर मुलाच्या कागदांवर डाग. नाही म्हटलं तर टेम्पो गेला. कृणाल मागं भिंतीला टेकून उभा होता. तो काही बोलणार, एवढ्यात ती उठली.

"नाय चालवत," सगुणा म्हणाली. "एकदापण नाय. त्या गाडीला स्टेअरिंग डावीकडं हाय. मी उजवीकडं बसतंय. तुम्ही समजलात, मी समजू दिलं."

हॉलात बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एक कुणीतरी फिसकन हसली, आणि मग सगळ्याच हसल्या. मालन तर पदर तोंडात कोंबून हसत होती. ते हसणं सगुणाला लागलं. ज्या बायकांसाठी ती दुपारच्या उन्हात क्लच सोडायला शिकत होती, त्याच हसत होत्या. चंदूही हसला, अगदी तसाच, हिराजीच्या दिवसकार्याला हसला होता तसा.

"पण शिकतेय," ती म्हणाली. "लोखंडवालाच्या मागं, रोज. मंगळवारी माझी टेस्ट हाय."

हसणं थांबलं. मालननं पदर तोंडातून काढला. "खरं सांगतेस की परत बाजू बदललीस?"

"चेतना मॅडमला विचार."

सह्या पुढं ढकलल्या. सगुणा पास झाली तर टेम्पो तिचा, नापास झाली तर मंडळ टेम्पो चालवायला चंदूलाच सांगेल, असं ठरलं. चंदू म्हणाला, बघू. त्या रात्री कृणालनं आईला विचारलं, "खरं सांगायची काय गरज होती? मी निस्तरलं असतं." सगुणा म्हणाली, "तुझी गाडी पाहुणी हाय. पाहुणीच्या नावाला बट्टा लागला तर आपली इज्जत जाते."

मंगळवारी आरटीओच्या ट्रॅकवर साहेब डाव्या बाजूला बसले. सगुणानं आरसा नीट केला, पट्टा लावला आणि साहेबांच्या पुढ्यात एकदा नीट बघून घेतलं. साहेबांनी विचारलं, काय बघताय? "तुमच्याकडं नाय ना, खात्री केली," ती म्हणाली. साहेबांना काही कळलं नाही. तिनं आठचा आकडा काढला, चढावर थांबवली, मागं न घसरता पुढं नेली. बाहेर चेतना उभी होती. तिनं नुसता अंगठा दाखवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

शिमगा झाल्यावर पांढरी गाडी परत गेली. सगुणानं माहेरवाशिणीसारखी तिची ओटी भरली, बॉनेटवर तांदूळ आणि नारळ ठेवून. बंदरावर न्यायच्या आधी एकदा उजवीकडं बसली, खिडकीवर हात ठेवला. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. कृणाल त्याच आठवड्यात विमानानं गेला.

टेम्पो आला. निळा, दारावर मंडळाचं नाव. पहिल्याच दिवशी सगुणानं तो बाजाराच्या आत वळवला, जिथं हिराजी वळवायचा तिथंच, आणि बायकांच्या पाट्या थेट ओट्याशी उतरल्या. मालननं आपल्या मासळी कापायच्या मोरलीला हळद लावली आणि उरलेली टेम्पोच्या स्टेअरिंगला.

मग एका सकाळी अंधेरीच्या अलीकडं चंदूचा टेम्पो बंद पडलेला दिसला. बर्फ वितळून पाणी रस्त्यावर चाललं होतं, आणि चंदू बॉनेट उघडून आत नुसता बघत होता. सगुणानं टेम्पो थांबवला. उतरून मागचं दार उघडलं. चंदूनं त्याच्या पाट्या तिच्या टेम्पोत चढवल्या, आणि बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून डाव्या सीटवर येऊन बसला. मांडीवर हात ठेवून, समोर बघत.

नाक्यावर अंबादास उभा होता. मालाच्या गाड्या तपासायचं काम चाललं होतं. त्यानं हात दाखवला, टेम्पो थांबला, तो उजव्या खिडकीकडं आला आणि सगुणाचा चेहरा दिसताच जागीच थबकला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. या वेळी तो फसणार नव्हता. बोट हलवत त्यानं टेम्पोला पूर्ण वळसा घातला आणि डाव्या खिडकीशी जाऊन चंदूपुढं हात केला.

"हां, लायसन्स."

चंदूनं सवयीनं खिशात हात घातला. लायसन्स काढलं. मग त्याच्या लक्षात आलं.

"माझं काय करायचंय?" तो पुटपुटला.

"गाडी तुम्हीच चालवताय ना?" अंबादास म्हणाला. "मला माहीत आहे, मावशींच्या बाजूला स्टेअरिंग नसतं."

चंदूनं एकदा स्वतःच्या पुढ्यात बघितलं. तिथं काही नव्हतं. त्यानं सगुणाकडं बघितलं. ती समोर बघत होती, दोन्ही हात स्टेअरिंगवर.

"गाडी वयनी चालवते," चंदू म्हणाला.

"काय म्हणालात भावजी? हॉर्नमध्ये ऐकू नाय आलं."

रस्त्यावर एकही हॉर्न वाजत नव्हता. चंदूनं परत सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं. सगुणानं पर्समधून लायसन्स काढून अंबादासच्या हातात दिलं.